लाल तारेवरचा आकडा

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. पत्नीला नाही, मुलीला नाही. रोज सकाळी इष्टलिंग तळहातावर घेऊन डोळे मिटतो, तेव्हा मनातल्या मनातही ते कधी शब्दांत मांडले नाही. लिहिण्याची सवय मला नाही. साठी उलटल्यावर वही घेऊन बसलेला माणूस मी, आणि पहिल्यांदा लिहायची गोष्ट हीच असावी याचा मलाच संकोच वाटतो. पण तुम्ही समोर बसला आहात असे मानले, की थोडे सोपे जाते. तुम्ही मला ओळखत नाही, हेही बरेच आहे.

कुठून सुरुवात करू? यंत्रापासून करावी, तर माणूस मागे राहतो. माणसापासून करावी, तर — माणसापर्यंत यायलाच मला इतकी वर्षे लागली आहेत. तेव्हा यंत्रापासूनच करतो.

परभणीच्या एका कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकवीत असे. एम.एस्सी.ला मला पहिला वर्ग होता. पण वर्गात उभा राहिलो की नजर फळ्याकडेच जाई, आणि मुलांपेक्षा खडूशीच मी अधिक बोले. कर्मचारीकक्षात मी एखादे वाक्य जुळवून होईपर्यंत विषय बदललेला असे. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या चळवळीची ती शेवटची वर्षे. आमच्या कॉलेजाने तेव्हा एक कॉम्प्युटर घेतला — एकच. त्याच्यासाठी स्वतंत्र खोली, खिडक्यांना जाड पडदे, दाराबाहेर चपला काढण्याची सक्ती, आणि यंत्रावर घालायला शिवून घेतलेले कापडी झाकण. आमचे शिपाई गफूरभाई त्या खोलीला ‘दर्गा’ म्हणत. “आहिस्ता बोला सर, दर्ग्यात मुलं बसलीत,” असे सांगत.

मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो. पोस्टाने येणारा संगणकाचा अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला होता. द्विमान पद्धती, स्मृतीची रचना, तर्कद्वारे — सगळे मला पाठ होते. फक्त त्या यंत्रासमोर बसलो की बोटे लाकडासारखी होत. आणि माझ्या शेजारी, खुर्चीवर तिरका बसून, शेंगदाणे खात, न बघता कीबोर्डच्या कळा बडवणारा सुदाम असे.

सुदाम पेडगावचा, सव्वीस वर्षांचा. आयटीआयमधून रेडिओ-टीव्ही दुरुस्ती शिकलेला. कॉलेजात कंत्राटावर मदतनीस होता. दर जूनमध्ये त्याचे पत्र नव्याने निघे. रोज सायकलवरून यायचा. कॉम्प्युटर त्याला कोणी शिकवला नव्हता. इंग्रजी पुस्तिका तो बोट ठेवून, ओठ हलवत वाचायचा आणि दुपारपर्यंत ते काम करून दाखवायचा. मी जे महिनाभर वाचून समजून घेतले होते, ते त्याच्या हातांना आधीच माहीत असल्यासारखे वाटे.

तुम्हांला कधी कोणाच्या हातांचा हेवा वाटला आहे? पैशाचा, पदाचा, रूपाचा वाटतो. तो सगळ्यांना समजतो. पण हातांचा? त्याची बोटे स्क्रू फिरवताना बघत मी उभा राही, आणि माझे हात पाठीमागे घेई. विद्यार्थी त्याला ‘सुदाम सर’ म्हणू लागले होते. मला ते ‘सर’ म्हणत, नुसते. त्याच्या खोलीतून हसण्याचे आवाज येत. माझ्या वर्गातून पंख्याचा. माझी मुलगी आठवीत होती. एके दिवशी शाळेतून परस्पर कॉलेजात आली आणि तासभर त्याच्याजवळ बसून राहिली. घरी आल्यावर तिच्या आईला सांगत होती, “सुदामदादाला सगळं येतं.” तिने माझ्याकडे बघितलेसुद्धा नाही. बघण्याचे कारणच नव्हते. ती माझ्याविषयी बोलतच नव्हती.

आणि तो माझ्याशी चांगला वागे. हे सांगितलेच पाहिजे. तो उर्मट असता, तर माझा जळफळाट मला स्वतःलाच समजावून सांगता आला असता. मला शिकवताना तो खुर्ची मागे घेऊन बसे, म्हणजे मला संकोच वाटू नये. एकदा मात्र वर्गभर मुलांसमोर, माझे बोट कळीवर घुटमळताना पाहून तो म्हणाला, “सर, दाबा की बिनधास्त. चावत न्हाई ती.” मुले हसली. मीही हसलो. ते हसू कितीतरी दिवस माझ्या तोंडात कडू लागत राहिले.

त्या हिवाळ्यात कॉलेजाला संगणकाचा अभ्यासक्रम सुरू करायचा होता. मंजुरीसाठी समिती येणार होती. मंजुरी मिळाली की एक कायमचे पद तयार होणार होते, आणि ते सुदामचे, हे सगळ्यांनी धरलेच होते. त्याच्या घरात कायमची नोकरी तोवर कोणालाच नव्हती. त्याला नुकताच मुलगा झाला होता. हे सगळे मला माहीत होते. माहीत नव्हते असे मी म्हणू शकत नाही.

समितीसमोर शोभावे म्हणून प्राचार्यांनी कॉम्प्युटरचा रंगीत पडदा मागविला. आमच्या यंत्राचा पडदा तोवर एकरंगी, हिरव्या अक्षरांचा होता. नव्या पडद्यासाठी यंत्राच्या आत चित्र उमटविणारे नवे कार्ड बसवावे लागते. ते सुदामने बसविले. पडद्यावर पहिल्यांदा निळा आणि लाल रंग आला, तेव्हा गफूरभाई दारातूनच म्हणाले, “वा, दर्ग्यात ईद झाली.”

दोन दिवस सगळे ठीक चालले. तिसऱ्या दिवसापासून यंत्र मध्येच बंद पडू लागले. वीस-पंचवीस मिनिटे झाली, रंगीत आलेख काढायला घेतला आणि आतली डिस्क फिरू लागली, की पडदा काळा व्हायचा. मग एक शिट्टी वाजे आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. केलेले काम जाई ते जाईच.

आता परभणीत विजेचा काही बिघाड झाला, की आपण सगळे कुठे बघतो? बाहेर. खांबाकडे, रोहित्राकडे, फेजकडे. रब्बीत शेतांवरचे पंप सुरू झाले की शहरातले दिवे पिवळे पडतात, हे लहान मुलालाही माहीत. वीज बिघडते ती लाइनवर. घरातली वस्तू बिचारी निर्दोष. प्राचार्य म्हणाले, लाइन. कर्मचारीकक्ष म्हणाला, लाइन. सुदामनेही प्रथम तेच धरले. नवा स्टॅबिलायझर आणला, दुसऱ्या फेजवरून तार ओढली. अर्थिंगचा खड्डा उकरून मीठ-कोळसा भरला आणि रोज सकाळी त्यात स्वतः बादलीभर पाणी ओतू लागला. यंत्र बंद पडतच राहिले.

मग तो माझ्याकडे आला — मी इथे थांबतो जरा. कारण इथपासून पुढे ‘लोक’ नाहीत, लाइन नाही, मी आहे.

प्रयोगशाळेत मी एकटाच होतो. तो दारात चपला काढू लागला. मी म्हणालो, इथे काढायची गरज नाही.

“सवय झाली, सर,” तो म्हणाला. “एक काम होतं. स्टॅबिलायझरमधून दोनशे अठ्ठावीस व्होल्ट निघायलेत, हलत बी न्हाईत. म्हंजी लाइन साफ हाय. मला वाटायलंय, आतला सप्लायच कमी पडायलाय. नवं कार्ड लय खातंय.”

यंत्राच्या आत एक पत्र्याची पेटी असते, तिलाच सप्लाय म्हणतात. ती बाहेरची वीज घेऊन आतल्या भागांना लागणारी थोडी, स्थिर वीज देते. लाल तारेवर पाच व्होल्ट, पिवळीवर बारा. भार वाढला आणि पेटी जुनी, अशक्त असली, की लाल तारेवरचा दाब खाली येतो. पावणेपाचाच्या खाली गेला, की यंत्र शुद्ध हरपते. हे पुस्तकात होते. मी वाचले होते. त्याने वाचले नव्हते. त्याने ओळखले होते.

“माझ्या मीटरचा काटा खालच्या रेंजला अडकतो, सर. तुमचं मीटर भारी हाय. तुम्ही एकदा मोजून सांगा. तुम्ही सांगितलं म्हंजी माझी शंका मिटली.”

रविवारी दुपारी मी किल्ली घेऊन एकटा गेलो. झाकण उघडले. रिकाम्या जोडणीच्या लाल आणि काळ्या तारांना मीटर लावले, यंत्र अर्धा तास चालू दिले, आणि आलेख काढायला लावला. काटा पाचाच्या किंचित खाली होता. डिस्क फिरू लागली. काटा उतरला — चार पूर्णांक सहा. पडदा काळा झाला. शिट्टी वाजली.

मी पुन्हा केले. पुन्हा तेच. मग यंत्र बंद करून नवे कार्ड काढले, जुने बसवले, जुना पडदा जोडला. अर्ध्या तासाने काटा चार पूर्णांक नऊवर स्थिर. म्हणजे संशयाला जागाच नव्हती. पेटी बदलायची, बस्स. चार स्क्रू, वीस मिनिटांचे काम. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत नेटके निदान होते. त्या क्षणी मला आनंद झाला का? झाला — क्षणभर, निखळ. आणि लगेच कळले की हे निदान माझे नाही. मी फक्त काटा वाचला होता. निदान सुदामने दारात उभे राहून, चपला काढता काढता केले होते.

मी नवे कार्ड पुन्हा जागेवर बसवले, झाकण लावले, मीटर त्याच्या खोक्यात ठेवले.

सोमवारी सकाळी तो अर्थिंगच्या खड्ड्याजवळ बादली घेऊन उभा होता. मला पाहून बादली खाली ठेवली आणि हात पुसत पुढे आला. मी म्हणालो, “मोजले. पाच आहेत. बरोबर आहेत.”

एवढेच. यापेक्षा मोठे खोटे मी आयुष्यात बोललो नाही, आणि यापेक्षा लहान वाक्यही क्वचितच बोललो असेन. एरवी वर्गात साधा नियम सांगताना मी दोनदा अडखळत असे. त्या दिवशी अडखळलो नाही. तो म्हणाला, “मग सर, माझंच बसवण्यात काही चुकलंय.” आणि रिकामी बादली घेऊन तो आत गेला.

का बोललो? आधी ठरवले नव्हते, असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला सांगत आलो. पण खरे काय आहे? रविवारच्या संध्याकाळी घरी जाताना मी जे वाक्य तयार केले होते, ते खरेच ‘चार पूर्णांक सहा’ होते का? मला आठवत नाही. आठवते ते इतकेच, की त्याच्या डोळ्यांत मी सांगेन ते मानण्याची तयारी दिसली. मला वाटले, पहिल्यांदाच या माणसाला माझी गरज आहे. आणि ती गरज मला पुरी करायची नव्हती.

पुढचे दोन आठवडे त्याने ते कार्ड किती वेळा काढले आणि बसवले, हे मी मोजले नाही. खोडरबराने त्याच्या सोनेरी पट्ट्या घासायचा, फुंकर मारायचा, देवासमोर ठेवावे तसे दोन्ही हातांनी आत सरकवायचा. मुलांशी त्याचे बोलणे कमी झाले. शेंगदाणे बंद झाले. आणि मला — हे लिहायचेच आहे — मला बरे वाटत होते. त्याच्या खोलीतले हसणे थांबले होते, आणि मला बरे वाटत होते.

समिती आली. यंत्र तिच्यासमोर तीनदा बंद पडले. तिसऱ्यांदा शिट्टी वाजली तेव्हा सुदामने पडद्यावर तळहात ठेवला, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा. समितीतले एक गृहस्थ घड्याळाकडे बघत म्हणाले, पुढल्या वर्षी बघू.

कर्मचारीकक्षात त्या दिवशी जे बोलले गेले, ते मी तसेच्या तसे लिहिणार नाही. तुम्हांला ती वर्षे आठवत असतील, तर शब्दही आठवतील. नामांतरावरून माणसे दोन बाजूंना बसू लागली होती, चहाचे पेलेसुद्धा वेगळे झाल्यासारखे. एकजण म्हणाला, “यांच्या हातात महागाच्या वस्तू दिल्या की असंच व्हायचं.” ‘यांच्या’ म्हणजे कोणाच्या, हे कोणी विचारले नाही. सगळ्यांना माहीत होते. मलाही. मी स्वतःला सुधारक मानत होतो. नामांतर व्हावे असे माझे मत होते, कोणी विचारले असते तर सांगितलेही असते. त्या माणसाचे वाक्य खोटे आहे, हे त्या खोलीत फक्त मला — आकड्यासकट — ठाऊक होते. मी चहा पीत राहिलो.

प्राचार्यांनी मला आत बोलावले. ते वाईट मनुष्य नव्हते. त्यांनी विचारले, “तुम्ही शिकलेले आहात. खरं सांगा, त्याच्या हातून काही झालं का?”

मी म्हणालो, “झाकण त्याने फार वेळा उघडले.”

हे वाक्य खरे होते. म्हणूनच मला ते अधिक छळते. सोमवारचे खोटे किमान खोटे तरी होते. हे खरे होते, आणि या वाक्यानेही काम तेच केले.

जूनमध्ये सुदामचे पत्र निघाले नाही. शेवटच्या दिवशी तो माझ्या पाया पडायला आला. मी पाय मागे घेतले. त्याला तो नम्रपणा वाटला असावा.

कॉम्प्युटरची किल्ली माझ्याकडे आली. त्याच महिन्यात एका लग्नासाठी हैदराबादला गेलो होतो. तिथून अधिक शक्तीची नवी पेटी आणली, धोतराच्या घडीत गुंडाळून. कोणाला सांगितले नाही. सुट्टीच्या दिवशी चार स्क्रू काढले, जुनी पेटी प्रयोगशाळेच्या कपाटात मोडक्या उपकरणांखाली सरकवली. माझ्या बोटांनी स्क्रू नीट फिरवले, हे मला तेव्हाही जाणवले आणि सुखावलेही. सोमवारी यंत्र दिवसभर चालले. प्राचार्यांनी विचारले, काय केलेत? मी म्हणालो, “कार्ड नीट बसवले.” संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलेजात झाले — सरांनी कार्ड नुसते नीट बसवले आणि चालू झाले. पुढल्या वर्षी मंजुरी आली. अभ्यासक्रमाचा प्रमुख म्हणून माझे नाव लागले. मुले मला नावानिशी ‘सर’ म्हणू लागली.

इथे संपले असते, तरी पुरे होते. पण सात-आठ वर्षांनी परीक्षेच्या कामासाठी मी बोरीला गेलो. काम आटोपून परतीसाठी स्टँडवर आलो तर हाक आली, “सर.” समोर रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे लहान दुकान होते. सुदाम जाड झाला होता, कानांजवळ केस पांढरे झाले होते. त्याने स्टुल पुसून दिले, चहा सांगितला. मी आलो याचा त्याला खराच आनंद झाला होता.

आम्ही बसलो असताना एक माणूस मोटरसायकलवर कॉम्प्युटरचा डबा बांधून आला. त्याच्या भुसार दुकानातला होता. म्हणाला, चालू होऊन बंद पडायलाय. सुदामने त्याला हातसुद्धा लावला नाही.

“परभणीला न्या, शेटजी. कॉम्प्युटर आपण बघत न्हाई.”

“अरे, टीव्ही करतोस, याला काय होतं? डबाच हाय ह्यो बी.”

“न्हाई म्हणलं की. चहा घ्यायचा तर घ्या, डबा न्हाई घ्यायचा.”

तो माणूस गेल्यावर मी विचारले — का विचारले, कोणास ठाऊक — की तुझ्यासारख्याने हे काम का सोडले?

त्याने चहा बशीत ओतला. “एक मशीन माझ्या हातानं बिघडलं, सर. तुम्हाला तर माहीतच हाय. मी म्हणलं सप्लाय. तुम्ही सोता मोजून सांगितलं, सप्लाय बरोबर हाय. लाइन बरोबर, सप्लाय बरोबर — मग राहिलं कोण? मीच की. गफूरभाई नंतर सांगत होते, तुम्ही कार्ड एकदाच बसवलं अन् लागलं. माझ्या हाताला ते काम न्हाई. टीव्ही बरा. बिघडला तर लोक शिव्या देऊन दुसरा घेतात.” आणि तो हसला.

त्या वेळी दुकानात आम्ही दोघेच होतो. मी काय बोललो, ऐका. मी म्हणालो, “जाऊ दे, सुदाम. होते माणसाच्या हातून.”

मी त्याला क्षमा केली.

त्याचा चेहरा उजळला. खरोखर उजळला. इतकी वर्षे तो माझ्याकडून ते ऐकण्याची वाट बघत असावा. दुकान तसेच उघडे टाकून, माझी पिशवी हातात घेऊन तो मला परभणीच्या गाडीपर्यंत सोडायला आला. आत चढून खिडकीजवळची जागा धरून दिली, मग खाली उतरून खिडकीशी उभा राहिला. गाडी सुटायला दहा मिनिटे होती. कंडक्टर चहाला गेला होता. गाडीत आणखी कोणी नव्हते. मला जे सांगायचे होते, त्याला दहा मिनिटे पुष्कळ होती.

मी त्याच्या मुलाच्या शाळेची चौकशी केली.